पहिली पायरी

(आपल्याला आवडणारे काम मिळावे असे प्रत्येकाला वाटते. पण त्या कामाची सुरुवात बहुधा सर्वांत खालच्या पायरीपासून करावी लागते. हातातली चांगली नोकरी सोडून अशा पायरीवर उभ्या राहिलेल्या एका अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मैदानावर सामना रंगात आला की आपले डोळे खेळाडूंवर खिळतात. सीमारेषेच्या बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तो धावत नाही, चेंडूला हात लावत नाही. पण संघ हरला, की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. हा माणूस म्हणजे संघाचा प्रशिक्षक.

आज आपण अशाच एका प्रशिक्षकाची माहिती घेणार आहोत. त्यांचे नाव रॉबर्ट सालेह. 'सालेह' हा शब्द तुम्हांला परका नाही. नेक, सदाचारी असा त्याचा अर्थ तुम्ही जाणताच. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्क जेट्स या संघाने त्यांना आपले मुख्य प्रशिक्षक नेमले. अमेरिकेतील राष्ट्रीय फुटबॉल लीग ही स्पर्धा १९२० पासून चालू आहे आणि तिच्यात ३२ संघ खेळतात. या लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक होणारे सालेह हे पहिले मुस्लिम ठरले. त्या दिवशी त्यांचे नाव अनेक वर्तमानपत्रांत झळकले. पण तेथपर्यंत पोहोचायला त्यांना १९ वर्षे लागली होती. हा पाठ त्या १९ वर्षांचा आहे.

त्याआधी हा खेळ थोडा समजून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा आहे. त्याचा चेंडू गोल नसतो. तो लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. खेळाडू तो हातात घेऊन पळतात किंवा हाताने दूर फेकतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. मैदानाची लांबी १०० यार्ड असते. एक यार्ड म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. चढाई करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे अंतर कापले, तर पुन्हा चार संधी मिळतात. नाही कापले, तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, की सहा गुण मिळतात.

कबड्डीत जशी चढाई असते आणि पकड असते, तशी येथेही चढाई आणि बचाव अशी दोन कामे असतात. फरक इतकाच, की येथे चढाईचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे खेळाडू वेगळे असतात. प्रत्येक गटाला शिकवणारा प्रशिक्षकही वेगळा असतो. एक चाल काही सेकंदांत संपते. मग खेळ थांबतो आणि दोन्ही बाजू पुढच्या चालीची आखणी करतात. कोणी कोठे उभे राहायचे, कोणी कोणाला अडवायचे, चेंडू कोणाकडे जायचा, हे सारे आधी ठरलेले असते. म्हणून या खेळात प्रशिक्षकाच्या अभ्यासाला फार मोठे महत्त्व आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडेल.

रॉबर्टचा जन्म ३१ जानेवारी १९७९ रोजी मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न या गावी झाला. डिअरबॉर्न हे डेट्रॉइट या मोठ्या शहराला लागून असलेले कारखान्यांचे गाव. फोर्ड मोटार कंपनीचे मुख्य कार्यालय येथेच आहे. या कारखान्यांत काम मिळेल या आशेने लेबनॉन, येमेन अशा देशांतून अनेक अरब कुटुंबे येथे आली आणि येथेच स्थायिक झाली. सालेह कुटुंबही मूळचे लेबनॉनचे. घरात फुटबॉलचे वेड होते. रॉबर्टचे वडील सॅम हे स्वतः कॉलेजच्या संघातून खेळलेले होते.

रॉबर्ट गावातल्या फोर्डसन हायस्कूलमध्ये शिकला. फोर्डसन हे ट्रॅक्टरचे नाव होते. त्यामुळे शाळेच्या संघालाही 'ट्रॅक्टर्स' असेच नाव पडले. या शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी अरब घरांतले आहेत. फुटबॉलचा हंगाम अमेरिकेत ऑगस्टमध्ये सुरू होऊन थंडीपर्यंत चालतो. रॉबर्ट शाळेत होता तेव्हा रमजान महिना जानेवारी-फेब्रुवारीत येत असे, म्हणजे हंगाम संपल्यावर. पण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान सरकत सरकत २०१० साली ऑगस्टमध्ये आला. भर उन्हाळ्यात रोजा ठेवून सराव कसा करायचा? तेव्हा फोर्डसनच्या प्रशिक्षकांनी सरावाची वेळच बदलली. रात्री ११ पासून पहाटे ४ पर्यंत मैदानावर दिवे लावून मुले सराव करू लागली. रोजाही सांभाळला गेला आणि खेळही. रॉबर्ट अशा शाळेचा विद्यार्थी होता.

शाळा संपल्यावर तो नॉर्दर्न मिशिगन विद्यापीठात गेला. हे विद्यापीठ मार्केट या गावी, लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या काठी आहे. तेथे बर्फ इतके पडते, की विद्यापीठाने फुटबॉलच्या मैदानावर भला मोठा लाकडी घुमट उभारला आहे. या घुमटाखाली रॉबर्ट चार वर्षे खेळला. त्याची जागा होती 'टाइट एंड'. या जागेवरच्या खेळाडूला दोन कामे करावी लागतात. कधी समोरच्या धिप्पाड गड्याला अंगाच्या जोरावर अडवून आपल्या सोबत्यासाठी वाट मोकळी करायची, तर कधी स्वतः धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलायचा. पहिल्या कामात मेहनत असते, पण टाळ्या मिळत नाहीत. दुसऱ्या कामात टाळ्या मिळतात. चांगल्या टाइट एंडला दोन्ही कामे सारख्याच मनाने करावी लागतात.

रॉबर्ट चांगला खेळाडू होता. पण त्याचे विद्यापीठ खेळाच्या दुसऱ्या श्रेणीतले होते. व्यावसायिक संघ आपले बहुतेक खेळाडू पहिल्या श्रेणीच्या मोठ्या विद्यापीठांतून निवडतात. शिक्षण संपले आणि रॉबर्टचे खेळणेही तेथेच थांबले. व्यावसायिक लीगमध्ये तो खेळाडू म्हणून कधीच उतरला नाही.

आता पोटापाण्याचा प्रश्न होता. त्याने डेट्रॉइटमध्ये एका मोठ्या बँकेत नोकरी धरली. कर्ज मागणाऱ्यांचे हिशोब तपासायचे, त्यांना कर्ज द्यावे की नाही ते पाहायचे, असे त्याचे काम होते. पगार चांगला, घर जवळ, पुढे बढतीची आशा. आईवडिलांना मुलासाठी आणखी काय हवे असते?

आणि मग ११ सप्टेंबर २००१ ची सकाळ उजाडली.

रॉबर्टचा थोरला भाऊ डेव्हिड त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये होता. एका वित्तसंस्थेच्या प्रशिक्षणासाठी तो जागतिक व्यापार केंद्राच्या दक्षिण मनोऱ्यात ६१ व्या मजल्यावर गेला होता. ८ वाजून ४६ मिनिटांनी अतिरेक्यांनी पळवलेले पहिले विमान शेजारच्या उत्तर मनोऱ्यावर आदळले. ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरे विमान दक्षिण मनोऱ्यावर आदळले. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. या एका तासाच्या आत डेव्हिड जिन्याने खाली उतरून बाहेर पडला होता. पण डिअरबॉर्नमध्ये घरच्यांना हे कसे कळणार? दूरचित्रवाणीवर ते कोसळणारे मनोरे पाहत होते आणि डेव्हिडची काहीच खबर नव्हती. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. बऱ्याच वेळाने तो सुखरूप असल्याचे समजले, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी जवळपास तीन हजार माणसे प्राणाला मुकली. त्यांत अनेक देशांची आणि अनेक धर्मांची माणसे होती. मुसलमानही होते. सालेह कुटुंबाला त्यांचा मुलगा परत मिळाला. पण या घटनेने रॉबर्टच्या मनात एक विचार घर करून बसला. आयुष्याचा काही भरवसा नाही. मग ज्या कामात आपले मन नाही, त्यात ते का घालवायचे? त्याचे मन फुटबॉलच्या मैदानात होते. बँकेच्या टेबलाशी बसून तो आकडे तपासत असे, पण डोळ्यांसमोर मैदान दिसत असे. शेवटी त्याने निश्चय केला. खेळाडू म्हणून नाही, तर प्रशिक्षक म्हणून मैदानावर परत जायचे. २००२ साली त्याने बँक सोडली.

मित्रांनो, असा निर्णय घेणे वरवर सोपे वाटते. सिनेमात नायक नोकरी सोडतो आणि पुढच्याच दृश्यात यशस्वी होतो. खरे आयुष्य तसे नसते. रॉबर्ट सालेह यांना पहिले काम मिळाले ते मिशिगन स्टेट विद्यापीठात, सहायकाचे. अमेरिकेतील विद्यापीठांत असे सहायक पुढचे शिक्षण घेता घेता प्रशिक्षकांच्या हाताखाली राबतात. तुमच्या भाषेत सांगायचे, तर ही उस्तादाकडची शागिर्दी. मोबदला तुटपुंजा आणि कामाला वेळकाळ नाही. पुढच्या सामन्यातील संघ कोणत्या चाली खेळतो, त्यांच्या आकृत्या कार्डांवर काढायच्या. सरावाच्या वेळी ती कार्डे खेळाडूंना दाखवायची. चित्रफिती लावून द्यायच्या, साहित्य मांडायचे, सांगतील ते करायचे. कालपर्यंत बँकेत टाय बांधून बसणाऱ्या माणसाने आज हे काम पत्करले होते. मिशिगन स्टेटनंतर २००४ मध्ये सेंट्रल मिशिगन आणि २००५ मध्ये जॉर्जिया अशी आणखी दोन विद्यापीठे त्यांनी पाहिली. तीन वर्षांहून अधिक काळ हीच उमेदवारी चालली होती.

२००५ मध्ये टेक्सास राज्यातील ह्यूस्टन टेक्सन्स या व्यावसायिक संघात त्यांना शिकाऊ म्हणून जागा मिळाली. पुढच्या वर्षी ते तेथेच 'गुणवत्ता नियंत्रण' या पदावर रुजू झाले. नाव भारदस्त आहे, पण प्रशिक्षकांच्या रांगेतली ही सर्वांत खालची जागा. या माणसाचे काम असते प्रतिस्पर्धी संघाच्या सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहण्याचे. प्रत्येक चालीची नोंद करायची. कितवी संधी होती? किती यार्ड बाकी होते? कोण कोठे उभा होता? चेंडू घेऊन पळाले की फेकला? एका सामन्यात अशा शंभराहून अधिक चाली होतात. त्या सगळ्यांचा तक्ता करून मोठ्या प्रशिक्षकांच्या टेबलावर ठेवायचा. समजा, तक्त्यावरून असे दिसले, की दोनच यार्ड बाकी असले तर हा संघ दहापैकी आठ वेळा चेंडू घेऊन पळतो. मग आपल्या बचावाला आधीच सावध करता येते. खेळाडू बरोबर जागी उभा राहतो आणि गडी अडवतो. प्रेक्षक खेळाडूसाठी टाळ्या वाजवतात. तक्ता करणारा माणूस तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

टाइट एंडचे बिनटाळ्यांचे काम तुम्हांला आठवते ना? आणि बँकेतले आकडे? सालेह यांचे शिकलेले काहीच वाया गेले नव्हते.

तीन वर्षे त्यांनी हे काम केले. २००९ मध्ये त्यांना बढती मिळाली. बचावाच्या दुसऱ्या फळीत जे खेळाडू उभे असतात, त्यांना 'लाइनबॅकर' म्हणतात. या खेळाडूंचे सहायक प्रशिक्षक म्हणून सालेह काम करू लागले. आता गाडी रुळावर आली असे वाटत होते. पण २०१० च्या हंगामात ह्यूस्टनचा बचाव ढिला पडला. संघाने १६ पैकी १० सामने गमावले. हंगाम संपताच बचावाचे मुख्य प्रशिक्षक बदलले गेले. सालेह यांनाही ह्यूस्टन सोडावे लागले.

२०११ मध्ये ते वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल सीहॉक्स या संघात गेले. कोणत्या पदावर? पुन्हा गुणवत्ता नियंत्रण! नऊ वर्षांच्या मेहनतीनंतर शिडीची एक पायरी खाली उतरावे लागले. एखादा म्हणाला असता, "आता पुरे झाले, बँकच बरी होती." सालेह यांनी पुन्हा चित्रफिती लावल्या आणि पुन्हा तक्ते मांडले. आणि पाहा, हीच पायरी त्यांच्या सर्वांत जास्त उपयोगी पडली. सिॲटलचा बचाव त्या काळी अमेरिकेत अव्वल मानला जात होता. तो कसा उभा केला जातो, हे त्यांना अगदी जवळून शिकता आले. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिॲटलने लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, ४३ विरुद्ध ८ गुणांनी जिंकला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. २०१४ मध्ये फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल संघाने त्यांना लाइनबॅकर खेळाडूंचे प्रशिक्षक नेमले. सिॲटलमध्ये ज्यांच्या हाताखाली त्यांनी तक्ते केले होते, तेच गस ब्रॅडली आता तेथे मुख्य प्रशिक्षक होते. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को संघाने त्यांच्याकडे संपूर्ण बचावाची जबाबदारी सोपवली. तेथील मुख्य प्रशिक्षक काइल शॅनाहन हे ह्यूस्टनमधील त्यांचे जुने सहकारी. मनापासून केलेले लहान काम कोणी ना कोणी पाहत असते, ते असे. पहिल्या दोन हंगामांत मात्र सॅन फ्रान्सिस्कोने ३२ पैकी २२ सामने गमावले. तिसऱ्या हंगामात चित्र पालटले. संघाने १६ पैकी १३ सामने जिंकले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो सुपर बोलपर्यंत पोहोचला. तेथे कॅन्सस सिटीने त्याला ३१-२० असे हरवले. पण सालेह यांच्या बचावाची कीर्ती देशभर झाली होती. म्हणूनच पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्कचे बोलावणे आले. तेव्हा त्यांचे वय ४१ होते.

येथे गोष्ट संपवली, तर ती गोड होईल. पण अपुरी राहील. न्यूयॉर्कमध्ये त्यांना यश मिळाले नाही. तीन हंगामांहून थोड्या अधिक काळात संघाने २० सामने जिंकले आणि ३६ गमावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम चालू असतानाच, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. २०२५ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला परत गेले आणि त्यांनी पुन्हा बचावाची जबाबदारी घेतली. मुख्य प्रशिक्षकपदावरून पुन्हा एक पायरी खाली. पण ही पायरी त्यांच्या ओळखीची होती.

विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ वाचून कोणी उद्याच नोकरीचा किंवा अभ्यासाचा कंटाळा करू नये. सालेह यांनी आधी शिक्षण पूर्ण केले होते आणि नोकरीही नेकीने केली होती. बँक सोडल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. पूर्वीपेक्षा जास्त काम त्यांनी कमी पैशांत केले. आवडते काम म्हणजे आरामाचे काम, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाही. तुमच्यापैकी एखाद्याला खेळाची आवड असेल आणि तरीही शाळेच्या संघात जागा मिळत नसेल. त्याने मैदानाकडे पाठ फिरवू नये. गुण लिहिणारा लागतो, पंच लागतो, लहान मुलांना शिकवणारा लागतो. ही कामे मागून पाहा. चित्रकला, विज्ञान, लेखन, कोणत्याही क्षेत्रात अशी एक खालची पायरी असतेच. तिच्यावर पाय ठेवताना मनाला कमीपणा वाटू देऊ नका.

शब्दार्थ

निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
स्थायिक होणे – कायमचे राहणे
हंगाम – ठरावीक काळ, मोसम
धिप्पाड – उंच आणि मजबूत शरीराचा
वित्तसंस्था – पैशांचे व्यवहार करणारी संस्था
तुटपुंजा – अगदी थोडा, अपुरा
मोबदला – कामाबद्दल मिळणारा पैसा
उमेदवारी – काम शिकत असतानाचा काळ
भारदस्त – वजनदार, मोठा वाटणारा
फळी – रांग, ओळ
अव्वल – पहिल्या दर्जाचा

वाक्प्रचार

जीव टांगणीला लागणे – फार काळजी वाटणे
जिवात जीव येणे – काळजी दूर होऊन बरे वाटणे
मनात घर करणे – मनात पक्के बसणे
गाडी रुळावर येणे – काम सुरळीत चालू होणे
पाठ फिरवणे – सोडून जाणे, दुर्लक्ष करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रॉबर्ट सालेह यांचा जन्म कोठे झाला?
(आ) फोर्डसन हायस्कूलच्या संघाचे नाव काय होते?
(इ) सालेह यांनी बँकेतील नोकरी कोणत्या साली सोडली?
(ई) २०११ मध्ये सालेह कोणत्या संघात गेले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) टाइट एंड या खेळाडूला कोणती दोन कामे करावी लागतात?
(आ) २०१० साली फोर्डसनच्या प्रशिक्षकांनी सरावाची वेळ का बदलली?
(इ) डेव्हिडची खबर मिळेपर्यंत घरच्यांची अवस्था कशी झाली होती?

प्र. ३. सविस्तर उत्तर लिहा.
(अ) 'गुणवत्ता नियंत्रण' या पदावरील माणसाचे काम तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) सालेह यांनी बँक सोडली हे योग्य केले असे तुम्हांला वाटते का? कारणे द्या.

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(तुटपुंजा, सरोवराच्या, शागिर्दी, चित्रफिती)
(अ) हे विद्यापीठ एका अफाट ______ काठी आहे.
(आ) सहायकांना मिळणारा मोबदला ______ असतो.
(इ) सालेह यांनी पुन्हा ______ लावल्या.
(ई) ही उस्तादाकडची ______ होती.

प्र. ५. वरील वाक्प्रचारांपैकी कोणत्याही तिघांचा वाक्यांत उपयोग करा.

भाषाभ्यास

मैदान, मेहनत, उमेद, हिंमत, अव्वल हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. पण लिंग नेहमी सारखे राहत नाही. उर्दूत 'मैदान' पुल्लिंगी आहे. मराठीत तो शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून आपण 'ते मैदान मोठे आहे' असे म्हणतो. 'मेहनत' दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आहे. या पाठात असे आणखी पाच शब्द शोधा आणि मराठीतील त्यांचे लिंग शिक्षकांना विचारून लिहा.

उपक्रम

तुमच्या शाळेतील किंवा वस्तीतील एखाद्या खेळाच्या प्रशिक्षकाला भेटा. त्यांनी सुरुवात कशी केली ते विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहून वर्गात वाचून दाखवा.